घसा बसलेला बचावपटू

काल सकाळी खिडकी उघडली आणि समोरचा ब्लॉक दिसेना. सिंगापुरात, बेडोकमधल्या आमच्या अकराव्या मजल्यावरून एरवी समोरच्यांनी बांबूवर वाळत घातलेल्या चादरींची नक्षीसुद्धा दिसते. काल तिथे नुसता पिवळट पडदा होता आणि सूर्य त्यात तांब्याच्या जुन्या पैशासारखा अडकून बसला होता. मी खिडकी लावून घेतली, पण वास तोवर आत शिरलाच होता. समुद्रापलीकडे सुमात्रात रानं जळतात, वारा फिरतो आणि तो धूर कुणाला न विचारता आमच्याकडे मुक्कामाला येतो. इथे त्याला सगळे हेझ म्हणतात, म्हणून आम्हीही घरात हेझच म्हणतो. धुकं म्हटलं तर सहलीला आल्यासारखं वाटतं, आणि धूर म्हटलं की माझा नवरा संदीप गॅसवर काही लागलं की काय ते बघायला धावतो.

हेझ आला की माझा दवाखाना भरतो. मी स्पीच थेरपिस्ट आहे. ज्यांचा आवाज बसलाय, चिरकलाय किंवा कुठे तरी हरवलाय अशी माणसं माझ्यासमोर येऊन बसतात. शाळेतल्या शिक्षिका, हॉकर सेंटरमध्ये दिवसभर ऑर्डरी ओरडणारे काका, देवळातले भटजी, फोनवर कर्ज विकणाऱ्या मुली. मी हा धंदा का धरला ते सांगायला हवं. माझे बाबा नागपुरात म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षक होते. एकेका वर्गात साठ-सत्तर पोरं, वर पत्रे, बाहेर रस्ता. निवृत्त होईपर्यंत त्यांचा आवाज इतका झिजला की जेवताना मीठ हवं असलं तरी ते खुणेनंच मागायचे. कुणाला त्यात काही वेगळं वाटायचं नाही. शिक्षकाचा आवाज जायचाच, असंच सगळे धरून चालायचे. मला मात्र त्याचा राग यायचा, आणि तो राग पुढे मी कामाला लावला.

तर हेझचा वास. बाकी सगळे नाक दाबतात. मला तो वर्ध्याकडे मावशीच्या चुलीत पेटलेल्या पऱ्हाट्यांचा वाटतो, त्यामुळे मी फारशी कुरकुर करत नाही. आणि दोन हजार सहाच्या ऑक्टोबरपासून त्या वासात माझ्यासाठी फुटबॉल मिसळला आहे. माझी मुलगी इरा काल संध्याकाळी टीव्हीसमोर मला बघून म्हणाली, "आई, यू ऑल्सो वॉच फुटबॉल, मेह?" मी म्हटलं, बघत नाही, ऐकते. तिला वाटलं आईचं डोकं फिरलं. खरं म्हणजे मी डोळे मिटून बसले होते. प्रेक्षकांचा गलका आणि समालोचकाची बडबड बाजूला सारली की खाली, अगदी तळाशी, एक माणूस सतत ओरडत असतो. तो कुणी तरी मागचा बचावपटू असतो. टीव्हीवाले त्याचा आवाज मुद्दाम बारीक करतात. मी तोच शोधत असते.

दोन हजार सहामध्ये असाच एक बचावपटू, स्पेनहून इथल्या क्लबात आलेला, माझ्या दवाखान्यात येऊन बसला. त्याला आपण रामोन म्हणू. पेशंटचं खरं नाव सांगायचं नसतं. पस्तिशीचा, उन्हानं मानेवर चिरा पडलेला, खुर्चीच्या अगदी कडेला बसणारा माणूस. घशाच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन माझ्याकडे पाठवलेला. स्वरतंतूंवर गाठी. गाठी म्हटलं की पेशंट पांढरे पडतात, म्हणून मी नेहमी सांगते, कुदळ मारून मारून हातावर घट्टे पडतात ना, तसेच हे घट्टे आहेत, फक्त घशात. कामाच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, फुटबॉल खेळाडू. मला वाटलं चुकून दुसऱ्याचा कागद माझ्याकडे आला.

"फुटबॉल खेळायला आवाज कशाला लागतो?" मी विचारलं.

त्याच्याबरोबर हफीझ नावाचा मलाय खेळाडू आला होता. चोविशीचा, खांदे रुंद, क्लबात रामोनच्या शेजारी उभा राहून खेळणारा. तो हसून म्हणाला, "मॅडम, हिज लेग ऑलरेडी गॉन, लाह. ओन्ली माउथ लेफ्ट." पाय कधीच गेलेत, आता तोंडच तेवढं उरलंय. रामोननं गंभीरपणे मान हलवली. त्याला हे अगदी बरोबर मांडलंय असं वाटलं असावं.

मग त्यानं मला समजावलं. त्याचं इंग्रजी तुटकं होतं आणि आवाज खरवडून काढल्यासारखा येत होता, पण सांगण्याची हातोटी होती. टेबलावरच्या चार पेनांची त्यानं आडवी रांग मांडली. हे चार बचावपटू. शाळेतल्या कवायतीसारखी ही रांग एकदम पुढे सरकायची, एकदम मागे यायची. योग्य क्षणी चौघं पुढे सरकले तर समोरचा हल्ला करणारा आपोआप चुकीच्या जागी सापडतो आणि पंच शिट्टी वाजवतो. पण चौघांतला एक जरी मागे रेंगाळला तरी सगळं मुसळ केरात. म्हणून चौघांपैकी एकानं सांगायचं असतं, आता. हात दाखवून चालत नाही, कारण चौघांचेही डोळे चेंडूवर. सांगायचं ते आवाजानंच.

"आणि ते तुम्ही सांगता?"

"अठरा वर्षं," तो म्हणाला.

कसं सांगता ते करून दाखवा, असं म्हणायची चूक मी केली. तो उठून उभा राहिला, पाय रोवले आणि ओरडला. "नाइक!" मलायमध्ये वर चला. टेबलावरचं माझं पाणी थरथरलं. बाहेर नावनोंदणीला बसणाऱ्या मिस टॅन दार उघडून आत आल्या आणि आमच्या तिघांकडे आळीपाळीनं बघत म्हणाल्या, "ओके ऑर नॉट?" मी ओके म्हटलं. त्या ओरडण्यात मात्र काहीच ओके नव्हतं. सगळा जोर गळ्यातून, पोटातून काहीच नाही. माझे बाबा वर्गात असेच ओरडायचे.

सप्टेंबरभर तो येत राहिला. मी त्याला ग्लासात पाणी घेऊन स्ट्रॉमधून बुडबुडे काढत सूर धरायला शिकवलं. हा आमच्या धंद्यातला सगळ्यात पोरकट दिसणारा आणि सगळ्यात गुणकारी व्यायाम आहे. तो क्लबच्या बसमध्ये करायचा. आधी बाकीचे हसले, मग कंटाळा आला म्हणून सगळेच करू लागले, अशी बातमी हफीझनं आणली. व्यायामांच्या मध्ये मी रामोनला बोलतं करायची, कारण माणूस गप्पा मारतानाच त्याचा आवाज कुठे फाटतो ते नीट कळतं. निदान मी स्वतःला तसं सांगायचे. खरं तर मला त्याच्या गोष्टींची चटक लागली होती.

स्पेनचा फुटबॉल म्हटला की लोकांना मोठमोठी स्टेडियमं आठवतात. त्याच्याखाली लहान क्लबांचे आणखी मजले असतात हे मला माहीत नव्हतं. रामोन वरून तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर आयुष्यभर राहिलेला. पोर्तुगालच्या सीमेलगतच्या गावात सतराव्या वर्षी सुरुवात केली, आणि मग गावं बदलत गेली. एका गावात मैदानाला लागून टोमॅटोचा कारखाना. मोसम सुरू व्हायचा तेव्हा नेमके टोमॅटो उकळत असायचे आणि खेळाडू श्वासाबरोबर रस्सा ओढायचे. सिंगापूरमध्येही तो केचपच्या बाटलीकडे पाठ करून बसे. एक मैदान डोंगरात होतं. तिथे बर्फ पडला की खेळाडूंनीच फावडी घेऊन तो उपसायचा, मग पांढऱ्यावर पांढऱ्या रेघा दिसत नाहीत म्हणून लाल रंगानं आखायच्या, आणि मग दमलेल्या हातांनी खेळायला लागायचं. एका बेटावर इतका वारा की मारलेला चेंडू परत यायचा. तिथे तो एक गोष्ट शिकला. वाऱ्याविरुद्ध आवाज उशिरा पोचतो, म्हणून हाक थोडी आधी द्यायची. म्हणजे घडायच्या आधी कळायला हवं. मी विचारलं, ते कसं कळतं. तो जरा वेळ विचार करून म्हणाला, समोरच्याच्या कमरेकडे बघायचं, चेहरा खोटं बोलतो.

एकदा एका स्पर्धेत त्यांच्या फाटक्या क्लबाची गाठ देशातल्या एका बड्या क्लबाशी पडली. ज्याचं चित्र पोरं भिंतीवर लावतात असा एक नामांकित खेळाडू समोर. रामोननं हाक देऊन देऊन त्याला सारखं चुकीच्या जागी पकडलं. शेवटी तो खेळाडू चिडून चेंडू आपटत परत गेला. "मग?" मी खुर्चीत पुढे सरकले. "मग काय, आम्ही हरलो," रामोन म्हणाला. पण सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते हरलेल्या माणसाचं नव्हतं.

या सगळ्यात मला थक्क करायचं ते वेगळंच. दर जूनमध्ये त्याचा करार संपायचा. दर जूनमध्ये कुणी तरी त्याला जा म्हणायचं. कधी गुडघा दुखावला म्हणून, कधी नवा कोच आपली माणसं घेऊन आला म्हणून, एकदा तर अख्खा क्लबच बंद पडला म्हणून. एका ठिकाणी फाटकावरच्या म्हाताऱ्यानंच सांगितलं की तुझं नाव यादीत नाही. आणि दर ऑगस्टमध्ये हा माणूस दुसऱ्या गावात, दुसऱ्या रंगाचा शर्ट घालून, तीन अनोळखी माणसांना नव्यानं सांगायला उभा, की माझं ऐका. मला नागपूरहून मुंबईला आणि मुंबईहून सिंगापूरला येताना दोन वेळा रडू कोसळलं होतं. हा दर वर्षी नव्यानं परका व्हायचा आणि दर वर्षी पुन्हा ओरडायचा. इथे आला तेव्हा बाकी सगळे एकमेकांशी मलायमध्ये बोलतात हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं, आणि त्या रात्रीच त्यानं वर, मागे, डावीकडे, उजवीकडे हे शब्द पाठ केले. फार घाईची वेळ आली तर मात्र तोंडातून स्पॅनिशच निघायचं, सालिमोस. आपण निघालोय.

"कंटाळा नाही आला?" मी एकदा विचारलं.

"डॉक्टोरा, आठवड्यातून एकदा तीन माणसं दीड तास माझं सगळं ऐकतात. तुमच्या घरी तुमचं कोण ऐकतं?"

मी डॉक्टर नाही, हे मी त्याला दर वेळी सांगायचे. घरी कोण ऐकतं म्हणाल तर संदीप ऐकतो, पण वन-नॉर्थच्या त्याच्या ऑफिसातून डोकं घरी पोचलं असेल तेव्हाच.

अठराव्या वर्षी फुटबॉलवेडी पोरं घरच्यांना म्हणतात तेच तो पस्तिसाव्या वर्षी म्हणायचा, अजून एक वर्ष. नोव्हेंबरमध्ये इथला करार संपत होता. क्लबनं वाढवला तर आणखी एक वर्ष फुटबॉल. नाही वाढवला तर कायमचं बंद, कारण या वयात, या गुडघ्यांवर, जगात दुसरं कुणी त्याला घेणार नव्हतं. गावात मेव्हण्याचं टायरचं दुकान होतं आणि तिथे त्याच्यासाठी जागा धरून ठेवलेली होती. मेव्हणा चांगला माणूस होता. तेच जास्त वाईट, असं रामोन म्हणायचा.

आणि मग ऑक्टोबरमध्ये हेझ आला. बसथांब्यावर लोक रुमाल बांधून उभे राहायला लागले, रेडिओवर दर तासाला हवेचा आकडा सांगायला लागले, शाळांनी पोरांना मैदानावर सोडणं बंद केलं. रामोन आला तेव्हा त्याच्या तोंडून नुसती हवा बाहेर पडत होती. डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घालून बघितलं. घट्टे सुजले होते, कडेनं लाल झाले होते. मी त्याला समोर बसवून सांगितलं की आता ओरडलास तर आवाज परत येईलच असं नाही. दोन आठवडे एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, कुजबूज ओरडण्याइतकीच वाईट.

त्यानं बोट उचलून काही तरी विचारलं. मला कळलं नाही. हफीझनं सांगितलं, "टू मोअर मॅच, मॅडम. लास्ट टू. देन दे डिसाइड." शेवटचे दोन सामने. त्यानंतर क्लब कुणाला ठेवायचं ते ठरवणार होता.

माझ्या आयुष्यात मी पुष्कळांना गप्प केलं आहे. शिक्षिकांना, भटजींना, एकदा एका नेत्यालासुद्धा. त्या दिवशी पहिल्यांदा ते करू नये असं मला वाटलं. रामोननं ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. कबूल. पण खेळणार, हेही त्यानं त्याच मानेनं सांगितलं.

पहिला मुका सामना त्यांनी वाईट रीतीनं घालवला. मला हे हफीझकडून कळलं. रांग कुठेच जुळेना, एक पुढे, दोन मागे, आणि चौथा कुणी तरी हाक देईल म्हणून वाट बघत उभा. रामोन मध्ये हात पसरून, दात आवळून. कोचनं संपल्यावर त्याच्याकडे पाहिलंही नाही.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी मी मार्केटमधून मेथी घेऊन घरी येत होते. आमच्या शेजारच्या ब्लॉकखाली, सरकारी इमारतींच्या तळाला असते त्या खांबांच्या मोकळ्या जागेत, चार माणसं आडवी रांग करून चालत होती. चार पावलं पुढे, थांबली. तीन मागे, थांबली. चेंडू नाही. तिथे फुटबॉल खेळू नये अशी पाटी असते, त्यामुळे चेंडू आणलाच नव्हता. जवळ गेले तर हफीझ, दोघं त्याचे साथीदार, आणि रामोन. पण रामोन रांगेत नव्हता. तो हफीझच्या मागे उभा होता आणि त्याचा तळहात हफीझच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर टेकलेला होता. चौथ्या जागी कोण तर कॅरम खेळायला खाली आलेले एक म्हातारे काका, हौस म्हणून उभे राहिलेले.

समोरून एक चिनी आंटी भाजीची चाकाची पिशवी ओढत येत होत्या. त्या जवळ आल्या की रामोनचा हात सैल, रांग मागे. त्या लिफ्टकडे वळणार तोच तळहाताचा दाब, आणि हफीझ ओरडला, "नाइक!" चौघं सरसावले. आंटी दचकून थांबल्या.

"व्हॉट यू ऑल डूइंग?"

"सॉरी, आंटी," हफीझ म्हणाला. "यू आर द बॉल."

आंटींनी यावर थोडा विचार केला. त्यांचं मत काही वाईट झालं नसावं, कारण लिफ्टकडे जायचं सोडून त्या परत फिरल्या आणि पिशवी ओढत पुन्हा एकदा रांगेसमोरून गेल्या, या वेळी चक्क नागमोडी. मी मेथीची जुडी छातीशी धरून खांबाला टेकून बघत राहिले. पाठीवरचा तो हात काही शिकवत आहे असं दिसतही नव्हतं. गर्दीत आपण ओळखीच्या माणसाच्या पाठीवर हात ठेवून चालतो, तसा तो होता. पण दर वेळी दाब आधी यायचा आणि आंटी नंतर वळायच्या. त्या कुठे वळणार हे त्यांना कळायच्या आत रामोनला कळत होतं. अठरा वर्षांची टोमॅटोची, बर्फाची, वाऱ्याची गावं त्या तळहातातून दुसऱ्याच्या पाठीत उतरत होती, आणि आजूबाजूला कॅरमच्या सोंगट्या वाजत होत्या.

आणखी एक गोष्ट मला ऐकू आली. हफीझचा आवाज पोटातून येत होता. गळा मोकळा, खांदे सैल. बसमध्ये सगळ्यांनी कंटाळा म्हणून काढलेले ते बुडबुडे. माझा पोरकट व्यायाम माझ्या नकळत तिथवर जाऊन पोचला होता. मी खूश झाले, अगदी मनापासून. घरी येऊन संदीपला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, पण मग त्या स्पॅनिशवाल्याचं काय होणार?" मी मेथी निवडत होते. माझे हात थांबले.

पुढच्या खेपेला दोघं आले तेव्हा मी तो प्रश्न कसा काढावा याची जुळवाजुळव करत होते. हफीझनंच काढला. रामोन शेजारी बसलेला असताना, त्याच्याकडे न बघता. "मॅडम, आय टोल्ड हिम ऑलरेडी. यू टीच मी, दे कीप मी, नॉट यू. ही नो वॉन्ट. ही डोन्ट केअर." मी सांगितलं त्याला, तू मला शिकवलंस तर ते मला ठेवतील, तुला नाही. ऐकत नाही. काही वाटतच नाही त्याला.

मी रामोनकडे पाहिलं. काही वाटत नाही हे खरं नव्हतं. त्याचे डोळे लाल होते, आणि ते काही सगळं हेझमुळे नव्हतं. त्यानं हफीझच्या गुडघ्यावर एक टिचकी मारली आणि माझ्या टेबलावरची चार पेनं पुन्हा ओळीत मांडायला घेतली. एक पेन जरासं मागे राहिलं होतं. ते त्यानं करंगळीनं पुढे सरकवलं.

शेवटच्या सामन्याला मी संदीपला ओढून नेलं. जन्मात पहिल्यांदा स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसले. दिव्यांचा उजेड धुरात अडकून नुसता पिवळा चिखल झाला होता आणि पलीकडच्या गोलपाशी काय चाललंय ते दिसत नव्हतं. मोजकेच लोक. कुणी तरी ढोल वाजवत होतं, ते खोकला आला की थांबायचं. समोरचा संघ तक्त्यात सगळ्यात वर असलेला, असं शेजारच्या काकांनी शेंगदाणे सोलता सोलता सांगितलं.

खेळ मला फारसा कळला नाही, म्हणून मी डोळे मिटले. मग कळायला लागला. आधी हफीझचा आवाज घाबरलेला होता, वरच्या पट्टीत, पहिल्या दिवशी वर्गात उभ्या राहिलेल्या शिक्षकासारखा. नाइक. मग जरा खाली आला. नाइक, नाइक. मग डावीकडून दुसऱ्या कुणाचा तरी आवाज त्याला उत्तर द्यायला लागला, उजवीकडून तिसऱ्याचा. धुरात त्यांनाही एकमेकांचं काही दिसत नसणार, ते एकमेकांना ऐकत होते. मी डोळे उघडले तेव्हा रामोन रांगेत होता, तोंड घट्ट मिटलेला, आणि इतरांसारखाच हफीझच्या हाकेवर पुढे-मागे सरकत होता. अठरा वर्षं ज्यानं हाक दिली तो माणूस आता हाक ऐकून चालत होता. एकदाही त्याचं पाऊल चुकलं नाही. शेवटी शेवटी समोरच्यांनी झुंड करून हल्ला चढवला, ढोल बंद पडला, काकांचे शेंगदाणे हातातच राहिले, आणि त्या गोंधळात हफीझच्या तोंडून निघालं ते मलाय नव्हतं. "सालिमोस!" चौघं एका पावलानं पुढे गेले. पंचाची शिट्टी वाजली. हल्ला करणारा एकटाच मागे उभा राहून हात पसरत होता.

सामना बरोबरीत सुटला. एकही गोल नाही. "काहीच झालं नाही ना?" बाहेर पडताना संदीप म्हणाला. मला त्याच्याशी भांडावंसं वाटलं. देवळात किंवा विहारात मला कधी जे वाटलं नव्हतं ते त्या पिवळ्या धुरात वाटलं होतं. मी म्हटलं, झालं की. तू शेंगदाणे खात होतास.

पाऊस आला, हेझ धुतला गेला. नोव्हेंबरमध्ये रामोन एकटाच आला. डॉक्टरांच्या दुर्बिणीतलं चित्र माझ्यासमोर होतं. स्वरतंतू स्वच्छ, कडा सरळ, घट्ट्यांची खूणसुद्धा नाही. मी म्हटलं, आता बोलायचं, पण हळूहळू. आधी ओठ मिटून नुसता सूर धर.

त्यानं सूर धरला. खोलीत एक खोल, गोल आवाज भरला. मी तो यापूर्वी कधीच ऐकला नव्हता. आमची ओळख झाली तेव्हापासून तो खरवडलेलाच होता. हा त्याच्या खालचा, अठरा वर्षं झाकलेला आवाज होता. रामोन स्वतःच दचकला आणि थांबला.

"हा तर माझ्या वडिलांचा आवाज आहे," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. क्लबनं करार वाढवला नव्हता. कोचनं त्याला बोलावून घेतलं, चहा दिला, आणि म्हणाला की मागची रांग आता पोरं सांभाळतात, तुझी जागा आम्हाला पुढे गोल करणाऱ्या एखाद्या खेळाडूला देता येईल. पुढच्या आठवड्यात विमान होतं. टायरचं दुकान.

मला इतका राग आला की मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, त्या पोरांना शिकवलं कुणी, हे त्या माणसाला माहीत नाही का.

"माहीत आहे," रामोन म्हणाला. "म्हणूनच तर." नव्या आवाजात बोलायला तो जरा बिचकत होता, शब्द एकेक ठेवत होता. "डॉक्टोरा, मला खूप ठिकाणांहून काढलं. गुडघा म्हणून, वय म्हणून. काम पुरं झालं म्हणून कुणी काढलं नव्हतं. हे पहिल्यांदाच." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यानं पुसलं नाही. मग तो माझ्या हातातल्या कागदाकडे बघून हसला. त्यावर मी नुकतंच लिहिलं होतं की पेशंट बरा झाला, यापुढे येण्याची गरज नाही. "तुम्हीही मला आज काढताच आहात की. तुम्हाला कुठे वाईट वाटतंय?"

वाटत होतं. मी सही केली.

तो उठला, दोन्ही हातांत माझा हात घेतला आणि निघाला. मी पुढच्या पेशंटचा कागद शोधायला लागले. तेवढ्यात बाहेरच्या लांब व्हरांड्याच्या पार टोकाकडून, लिफ्टपाशी पोचला असावा, त्यानं मला पूर्ण आवाजात निरोप दिला. बाकांवर बसलेली माणसं वळून बघायला लागली, मिस टॅन जागच्या उठल्या. मी डोळे मिटून तो आवाज शेवटपर्यंत ऐकला. पोटातून आला होता, आणि कुठेही चिरकला नाही.